गाडी सेल्फ घेत नाही? स्टार्टर मोटरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी सुरू झाली नाही की ‘सेल्फ गेला’, म्हणजे स्टार्टर मोटर बिघडली, हे निदान फार पटकन केलं जातं. मोटर उतरवली जाते, नवी बसते, बिल भरलं जातं आणि आठवड्याने तोच त्रास पुन्हा उभा राहतो. कारण दोष बॅटरीत, टर्मिनलवर किंवा अर्थच्या (करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या) तारेत असतो आणि तिकडे कुणी पाहिलेलंच नसतं. मोटरला हात लावण्याआधी काय ऐकायचं, काय मोजायचं आणि कुठे थांबायचं, ते इथे सांगितलं आहे. उत्तरं प्रामुख्याने १२ व्होल्टच्या पेट्रोल, सीएनजी आणि डिझेल कारसाठी आहेत.

किल्ली फिरवली की नेमकं काय घडतं?

किल्लीच्या स्विचमधून, बहुतेक गाड्यांत एका रिलेमार्गे (छोट्या करंटने चालणारा विजेचा स्विच), एक बारीक तार सेल्फवरच्या सोलेनॉइडला करंट देते. गॅरेजमध्ये या सोलेनॉइडला ‘सेल्फचा स्विच’ म्हणतात. तो एकाच हालचालीत दोन कामं करतो. बेंडिक्सचा छोटा दातेरी गिअर पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या (इंजिनला जोडलेल्या जड चाकाच्या) कडेवरच्या रिंग गिअरमध्ये अडकवतो आणि त्याच वेळी तांब्याचे जाड कॉन्टॅक्ट जोडून बॅटरीचा पूर्ण करंट मोटरला देतो. मोटर फिरते, इंजिन फिरतं आणि ते पेटलं की तुम्ही किल्ली सोडता. मग स्प्रिंग बेंडिक्सला मागे ओढते.

छोट्या पेट्रोल गाडीत या वेळी साधारण १०० ते १५० अँपिअर करंट वाहतो, डिझेलमध्ये त्याच्या दुप्पट किंवा अधिक. पहिल्या क्षणी, मोटर स्थिर असताना, तो आणखी जास्त असतो. एवढा करंट गाडीतलं दुसरं कोणतंही उपकरण घेत नाही. म्हणून दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्युझिक सिस्टीम चालते आणि तरीही सेल्फ फिरत नाही, असं सहज होऊ शकतं. ‘हॉर्न वाजतोय म्हणजे बॅटरी ठीक आहे’ हा तर्क इथेच चुकतो.

‘टकटकटकटक’ असा भराभर आवाज येतो. सेल्फ गेला का?

बहुधा नाही. सोलेनॉइड ओढला जातो, कॉन्टॅक्ट जुळतात, मोटर करंट मागते. त्या ओढीने व्होल्टेज कोसळतं आणि सोलेनॉइड सुटतो. सुटला की व्होल्टेज परत वर येतं आणि तो पुन्हा ओढला जातो. हेच चक्र सेकंदात अनेकदा घडतं. उतरलेली बॅटरी, सैल टर्मिनल, टर्मिनलवर जमलेली पांढरी-हिरवट बुरशी किंवा खराब अर्थ, यांपैकी काहीतरी एक कारण असतं. आधी बॅटरीच्या खांबांवर तारा पकडणाऱ्या दोन्ही क्लॅम्प हाताने पिळून बघा. हाताने हलत असतील तर पुढचं काही तपासू नका, आधी त्या घट्ट करा. बहुतेक गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो.

बॅटरी पूर्ण चार्ज आहे, टर्मिनल स्वच्छ आहेत आणि तरी टकटक येते, असंही कधी कधी होतं. सोलेनॉइडमध्ये दोन वाइंडिंग असतात: एक ओढणारं, एक धरून ठेवणारं. धरून ठेवणारं तुटलं की सोलेनॉइड ओढला जातो आणि लगेच सुटतो, आवाज अगदी तसाच येतो. पण हा निष्कर्ष व्होल्टेज मोजल्यानंतरच काढायचा.

एकच जोरदार ‘टक’ येतो आणि पुढे शांतता. हे काय?

सोलेनॉइड ओढला गेला, पण मोटर फिरली नाही. हेडलाइट लावा, कुणाला तरी समोर उभं न करता बाजूने बघायला सांगा आणि सेल्फ मारा.

हेडलाइट जवळजवळ विझले, तर एक तर बॅटरीत जीव नाही किंवा मोटर करंट खाते आहे पण फिरू शकत नाही, म्हणजे ती जाम आहे. क्वचित इंजिनच जाम असतं. हेडलाइट तसेच प्रखर राहिले, तर करंट मोटरपर्यंत पोहोचतच नाही. सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत, मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला करंट पोहोचवणारे ब्रश) झिजून कम्युटेटरला (त्या भागावरच्या तांब्याच्या कड्याला) टेकत नाहीत, किंवा जाड तारेचा जोड गेला आहे. मल्टिमीटर हातात घेण्याआधीच एवढी विभागणी फुकटात होते. म्हणून ही तपासणी मला सगळ्यात आवडते.

काहीच आवाज नाही, टकसुद्धा नाही. मग?

मग सेल्फवर सगळ्यात शेवटी संशय घ्या. अनेक नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फला करंट जात नाही, आणि क्लच पेडलजवळचा छोटा स्विच खराब झाला किंवा पायाखालची मॅट आडवी आली तरी गाडी गप्प राहते. ऑटोमॅटिकमध्ये लिव्हर पी (पार्किंग) किंवा एनमध्येच (न्यूट्रल) हवा. पीमध्ये गप्प असेल तर एनमध्ये टाकून बघा. तिथे सुरू झाली तर लिव्हरचा सेन्सर तपासून घ्यायचा. बटण स्टार्टच्या गाडीत ब्रेक दाबलेला हवा. रिमोटमधला सेल संपला असेल तर बऱ्याच गाड्यांत रिमोट थेट बटणाला टेकवून बटण दाबलं की काम होतं.

एवढं करून नाही झालं तर फ्यूज आणि स्टार्टर रिले बघा. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. त्याच आकाराचा आणि त्याच नंबरचा दुसरा रिले, समजा हॉर्नचा, काढून तिथे लावून बघता येतो. डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर प्रश्न इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी रोखणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कुलपाचा आहे. काही गाड्यांत तो सेल्फच बंद ठेवतो, काहींत सेल्फ फिरू देतो पण इंजिन पेटू देत नाही.

पावसाळ्यात उंदीर हेही खरं कारण असतं. इमारतीखाली काही दिवस उभी राहिलेली गाडी असेल तर बॉनेट उघडून बारीक तारा बघा, कुरतडलेलं इन्सुलेशन लगेच दिसतं.

मल्टिमीटरने नेमकं काय मोजायचं?

हा या पानावरचा सर्वात कामाचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो, तो डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर ठेवायचा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. सेल्फ मारायला दुसरं माणूस हवं.

पहिलं माप गाडी बंद असताना, बॅटरीच्या दोन टोकांवर. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, १२ च्या खाली म्हणजे चार्ज करायलाच हवी. १०.५ च्या आसपास आकडा अडकला असेल तर सहापैकी एक सेल मेलेला आहे. प्रत्येक सेल २.१ व्होल्टचा असतो, वजाबाकी लगेच जुळते. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा खोटा फुगलेला असतो. हेडलाइट दोन मिनिटं लावून, बंद करून मग मोजा.

दुसरं माप सेल्फ मारताना, त्याच जागी. या वेळी आकडा ९.६ च्या वर राहिला पाहिजे, चांगल्या बॅटरीत तो १० च्या वर असतो. उभ्या गाडीत १२.५ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ७ वर आली, तर ती बॅटरी बहुधा कामातून गेली आहे (मोटर जाम असली तरी असं होतं). फक्त पहिलं माप घेऊन ‘बॅटरी ओके’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

बॅटरी सेल्फ मारतानाही टिकते आहे आणि तरी मोटर रडत फिरते, तर पुढचं माप तारांचं. मीटरचा एक प्रोब (टोकदार तार) बॅटरीच्या प्लस खांबावर, दुसरा सेल्फच्या ३० नंबरच्या टर्मिनलवर, जिथे बॅटरीची जाड तार येते. सेल्फ मारा. दोन टोकांतला फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी हवा. मग एक प्रोब बॅटरीच्या मायनस खांबावर आणि दुसरा सेल्फच्या धातूच्या अंगावर ठेवून तसंच. इथे फरक ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त नको. जास्त आला तर त्या बाजूचा कुठला तरी जोड करंट अडवतो आहे. एकेक जोड मोजत गेलं की तो सापडतो. प्रोब क्लॅम्पवर नको, थेट खांबावरच टेकवायचा. नाही तर क्लॅम्प आणि खांब यांच्यातला दोष निसटतो, आणि दोष बहुतेकदा तिथेच असतो.

हा त्रास ओहम (तारेचा रोध) मोजून सापडत नाही. एखाद्या जोडात फक्त ०.०१ ओहमचा अडथळा आहे असं धरा. साध्या मीटरला तो शून्यच दिसेल. पण १५० अँपिअर वाहताना त्याच जोडावर १.५ व्होल्ट वाया जातात, आणि मोटरला तेवढे कमी मिळतात.

शेवटचं माप ५० नंबरच्या टर्मिनलवर, जिथे किल्लीकडून बारीक तार येते. सेल्फ मारताना इथे जवळपास बॅटरीइतकंच व्होल्टेज हवं. ते ८ च्या खाली असेल आणि बॅटरी १० वर टिकून असेल, तर किल्लीचा स्विच, रिले किंवा ती तार दोषी. जुन्या गाड्यांत किल्लीच्या स्विचचे कॉन्टॅक्ट झिजतात. तिथे अनुभवी इलेक्ट्रिशियन वेगळा रिले टाकून देतात, आणि तो चांगला उपाय आहे.

५० वर पूर्ण व्होल्टेज, ३० वर पूर्ण व्होल्टेज, अर्थ ठीक, आणि मोटर फिरत नाही: आता निश्चिंतपणे म्हणा की सेल्फ गेला.

अर्थची तार एवढी महत्त्वाची का?

करंट जितका जातो तितकाच परत यावा लागतो, आणि परतीचा रस्ता इंजिनपासून बॉडी व बॅटरीकडे जाणाऱ्या विणलेल्या पट्टीतून किंवा जाड तारेतून असतो. कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत ही पट्टी आतून हिरवी पडते, वरून मात्र धड दिसते. क्लच किंवा गिअरबॉक्सचं काम झाल्यावर ती लावायची राहून जाते, असंही घडतं. तात्पुरती खात्री करायची असेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा. सेल्फ झटकन फिरला तर दोष सापडला. पट्टीची दोन्ही टोकं काढून सँडपेपरने घासा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.

मोटर ‘सूंऽऽ’ करून फिरते, पण इंजिन फिरत नाही.

बेंडिक्समध्ये एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो. तो घसरू लागला की असा आवाज येतो. हा क्लच नसता तर इंजिन पेटताच मोटरच्या चिंधड्या उडाल्या असत्या: रिंग गिअरला बेंडिक्सच्या साधारण १० ते १५ पट दाते असतात, म्हणजे ८०० आरपीएमच्या आयडलिंगलाही मोटर ८,००० च्या वर फिरवली गेली असती. बेंडिक्स वेगळा मिळतो, पूर्ण मोटर बदलावी लागत नाही.

खरखर, दात घासल्याचा आवाज येतो, तोही कधी कधीच.

‘कधी कधी’ हीच खूण आहे. इंजिन बंद होताना कॉम्प्रेशनमुळे ते ठरावीक जागीच थांबतं. चार सिलिंडरमध्ये फ्लायव्हीलच्या साधारण दोन जागी, तीन सिलिंडरमध्ये तीन. त्यामुळे रिंग गिअरचे त्याच जागचे दाते झिजतात. इंजिन तिथे थांबलं की बेंडिक्स घासतो, दुसरीकडे थांबलं की सगळं सुरळीत. रस्त्यात अडकलात तर किल्ली बंद करून, चौथ्या गिअरमध्ये गाडी थोडी पुढेमागे हलवा, न्यूट्रलमध्ये आणा आणि पुन्हा प्रयत्न करा. रिंग गिअर बदलायचा तर गिअरबॉक्स खाली येतो. म्हणून क्लच प्लेट बदलण्याच्या वेळीच ते काम उरकून घ्या. सेल्फचे माउंटिंग बोल्ट सैल असले तरी हाच आवाज येतो. ते आधी तपासा, पाच मिनिटांचं काम आहे.

किल्ली सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो!

लगेच किल्ली बंद करा. तरी थांबला नाही तर बॅटरीची मायनस क्लॅम्प काढा, हात घालताना फिरत्या पट्ट्यापासून आणि फॅनपासून जपून. सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट वितळून चिकटलेले असतात, किंवा रिले चिकटलेला, किंवा किल्ली परत येत नसते. या अवस्थेत मोटर आणि तारा काही मिनिटांत जळतात. ‘गॅरेजपर्यंत नेऊ’ असं करू नका.

एका वेळी किती सेकंद सेल्फ मारावा?

१० सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि दोन प्रयत्नांत किमान अर्धा मिनिट विश्रांती. ही मोटर सतत चालण्यासाठी बनलेलीच नसते. चार्ल्स केटरिंग यांनी १९१२ च्या कॅडिलॅकसाठी सेल्फ स्टार्टर तयार केला, तेव्हाचा मूळ विचारच हा होता की काही सेकंदच चालवायची असेल तर छोट्या मोटरकडून तिच्या ताकदीबाहेरचं काम काढून घेता येतं. आजही मोटर लहान आहे ती याच कारणाने. तीन-चार प्रयत्नांत गाडी सुरू झाली नाही तर कारण शोधा. न पेटलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागात) जातं आणि नंतर तिथे पेटून तो महागडा भाग खराब करतं.

इंजिन जोरात फिरतं, पण सुरू होत नाही.

सेल्फ आपलं काम करतो आहे, त्याला सोडा. इंधन, स्पार्क, क्रँक सेन्सर, इमोबिलायझर इकडे बघा. सीएनजी गाड्यांबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी: त्यांपैकी बऱ्याच गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात. पेट्रोलची टाकी कोरडी ठेवून वर्षभर गॅसवर फिरवलं की एके दिवशी हा त्रास होतो, आणि कोरडा फिरून पेट्रोल पंपही जातो. टाकीत थोडं पेट्रोल कायम ठेवा.

सकाळी थंडीत डिझेल गाडी त्रास देते.

निफाडसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत पारा फार खाली येतो. तेव्हा इंजिन ऑइल जड होतं, बॅटरीची ताकद घटते, आणि डिझेलला पेटण्यासाठी लागणारी उष्णता कमी पडते. किल्ली ‘ऑन’ करून हीटर प्लगचं (सिलिंडरची हवा तापवणाऱ्या प्लगचं) वेटोळ्याचं चिन्ह विझेपर्यंत थांबा, मग सेल्फ मारा. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन धूर काढत अडखळतं, तर हीटर प्लग तपासा. बॅटरी थंडीत उघडी पडते हे खरं, पण तिचं आयुष्य खाल्लेलं असतं ते आधीच्या उन्हाळ्याने. विदर्भात बॅटरी लवकर जाते ती त्यामुळेच.

थंड असताना गाडी सुरू होते, लांबचा प्रवास करून थांबलं की सेल्फ उचलत नाही.

सेल्फ बहुतेकदा एक्झॉस्टच्या जवळ बसवलेला असतो. गाडी थांबल्यावर हवा लागायची बंद होते आणि मोटर आणखी तापते. तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो, झिजलेल्या बुशमध्ये (दांडा पेलणाऱ्या कड्यांत) आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, घासायला लागतं. अर्ध्या तासाने सगळं ठीक. कार्बन आणि बुश बदलून हा त्रास बहुधा जातो. एक्झॉस्ट आणि सेल्फ यांच्यामधला उष्णता अडवणारा पत्रा जागेवर आहे ना, तेही बघा. कित्येक गाड्यांत तो गळून पडलेला असतो.

गाडी पाण्यात बंद पडली. सेल्फ मारून बघू का?

नाही. अजिबात नाही. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि सेल्फ मारताच किंवा इंजिन पेटताच कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची मायनस काढा आणि गाडी ओढून न्या. विम्यात इंजिन संरक्षणाचं जोड-कव्हर घेतलेलं नसेल तर असं नुकसान बहुधा नाकारलं जातं. मेकॅनिकला आधी स्पार्क प्लग (डिझेलमध्ये हीटर प्लग किंवा इंजेक्टर) काढून पाणी बाहेर काढायला सांगा. सेल्फ इंजिनच्या खालच्या भागात असतो, म्हणून तो उतरवून, खोलून, वाळवून घ्यावाच. आठवड्याने गंजून जाम होण्यापेक्षा ते परवडतं.

हातोडीने ठोकून सेल्फ चालू होतो. ठोकत राहू का?

हलका ठोका दिल्याने अडकलेला कार्बन किंवा सोलेनॉइडचा दांडा सुटतो, म्हणून घरी पोहोचण्यापुरतं चालेल. दोष मोटरच्या आत आहे हे त्यातून सिद्धच होतं, तेव्हा लगेच दुरुस्त करा. आजच्या अनेक मोटरींत कायमचे चुंबक चिकटवलेले असतात. जोरात ठोकलं तर ते तडकतात आणि दुरुस्त होणारी मोटर फेकावी लागते.

धक्का मारून सुरू करायची गाडी कुठली, कुठली नाही?

मॅन्युअल गिअरची. किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. वेग आला की क्लच झटक्यात सोडा आणि लगेच पुन्हा दाबा. ऑटोमॅटिक आणि एएमटीला (क्लच आपोआप चालवणाऱ्या गाडीला) धक्का देऊ नका. आणि बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर मॅन्युअलही सुरू होणार नाही, कारण पेट्रोल पंप आणि इंजिनचा कंप्युटर वीज मागतात.

जंपर केबलचा क्रम?

लाल आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरील उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, आणि बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेटू शकतो. काढताना उलटा क्रम. टीचभर बारीक तांब्याची स्वस्त केबल घेऊ नका, ती तापते आणि करंट पोहोचवत नाही.

सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी आहे. काही वेगळं?

बॅटरी. या गाड्यांत वारंवार बंद-सुरू होणं सोसणारी, ईएफबी किंवा एजीएम प्रकारची बॅटरी असते. तिच्या जागी साधी बसवली तर ती लवकर मरते, आणि दोष सेल्फला दिला जातो.

दुरुस्ती करावी की नवा घ्यावा?

कार्बन, बुश, बेंडिक्स, सोलेनॉइड हे सगळे भाग वेगळे मिळतात. पुण्यात नाना पेठेत असोत की तुमच्या गावच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. आर्मेचर शाबूत असेल तर दुरुस्तीच करा, चांगल्या हातांनी केलेली दुरुस्ती वर्षानुवर्षं टिकते. आर्मेचर जळून काळं पडलं असेल किंवा कम्युटेटर खोल झिजला असेल तर नवा घ्या, आणि मूळ कंपनीला माल देणाऱ्या उत्पादकाचाच घ्या. काढलेले जुने भाग परत मागून घ्या. बाकावर, शिकंज्यात धरून मोटर फिरवून दाखवली जाते, पण बिनभाराची मोटर जवळजवळ नेहमीच फिरते. गाडीत बसवल्यावर, सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज किती राहतं, ते मोजून घ्या.

मी स्वतः सेल्फ उतरवला तर?

बॅटरीची मायनस आधी काढा, मगच पाना लावा. सेल्फला येणारी जाड तार थेट बॅटरीतून येते आणि बहुतेक गाड्यांत तिला मध्ये फ्यूज नसतो. पाना बॉडीला टेकला तर तो वितळतो, हात भाजतो. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. गाडीखाली जायचं असेल तर फक्त जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा. स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे टर्मिनल जोडून बघायची सवय अनेकांना आहे. तसं केल्याने क्लच आणि गिअरचे सगळे सुरक्षा स्विच टाळले जातात, आणि गाडी गिअरमध्ये असली तर ती समोरच्या माणसाच्या अंगावर उडी घेते. परत बसवताना मोटर आणि गिअरबॉक्स यांची टेकणारी जागा घासून स्वच्छ करा, कारण सेल्फचा अर्थ तिथूनच जातो.